थंडीत गाडीची काच साफ होत नाही? आधी वारा, मग ऊब, मग कोरडेपणा तपासा

‘डिफ्रॉस्टर’, म्हणजे काचेवरची वाफ आणि बर्फ घालवणारी सोय, ‘बिघडलाय’ असं मेकॅनिकला सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण त्या नावाचा एकच एक सुटा भाग पुढच्या काचेसाठी नसतोच. पुढची काच साफ करायचं काम ब्लोअर (हवा फेकणारा पंखा), हीटर, एसी आणि डॅशबोर्डच्या आतली दोन-तीन झाकणं मिळून करतात. मागच्या काचेचा मामला वेगळा आहे, तिथे काचेवर चिकटवलेल्या तारा आणि वीज एवढंच असतं. बटणावरची चित्रंही वेगळी असतात. पंख्याच्या आकाराची वक्र काच म्हणजे पुढची, चौकोनी काच म्हणजे मागची. एक चालतं आणि दुसरं चालत नाही, असं सर्रास होतं. त्यामुळे कुठली काच, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, काचेवर नेमकं काय आहे? आतून बोट फिरवून बघा. बोट ओलं झालं आणि रेघ उमटली, तर ती आत धरलेली वाफ आहे. रेघ उमटली नाही, तर बाहेरून बर्फाचा पापुद्रा बसलाय. आणि आतल्या बाजूलाच बर्फ खरवडला जात असेल, तर गाडीत बहुधा कुठेतरी पाणी साठून राहिलंय. वाफेला कोरडी हवा लागते, बर्फाला ऊब लागते. दोन्हींना वारा लागतो. पुढच्या काचेचा सगळा शोध या तीन शब्दांत बसतो, आणि तपासायचा क्रमही तोच ठेवा. वारा तपासायला मिनिट पुरतं, ऊब तपासायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, ओल कुठून येते ते शोधायला कधी कधी आठवडा जातो.

हात लावण्याआधी

गाडी बर्फात उभी असेल तर इंजिन चालू करण्यापूर्वी सायलेन्सरच्या नळीचं तोंड मोकळं करा. ते बर्फाने बुजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका, दार अर्धवट उघडं असलं तरी नाही.

काचेवर गरम पाणी ओतू नका. पुढची काच दोन थरांची असते, तिला तडा जातो. मागची बहुधा टफन्ड असते, ती फुटली तर एका झटक्यात तिचे खडे होतात. त्यापेक्षा दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून फवारा, पापुद्रा सुटतो. उरलेला प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. वायपर काचेला चिकटलेले असतील तर ते आधी सोडवा. बटण दाबून बर्फ तोडायचं काम त्यांच्या मोटरवर टाकू नका.

बटणं बरोबर आहेत का?

हे वाचून हसू येईल, पण मी पाहिलेल्या ‘बिघडलेल्या’ डिफ्रॉस्टरांपैकी बरेचसे इथेच दुरुस्त झाले. रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवायचं बटण, चालू राहिलेलं असतं. थंडीत बाहेरची हवा नको म्हणून माणूस ते दाबतो आणि विसरतो.

ही चूक इतकी महाग का पडते ते आकड्यांत बघा. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, तर शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे बाहेरची गोठवणारी हवा कितीही दमट वाटली तरी तिच्यात पाणी थोडंच असतं. ती आत घेऊन गरम केली की ती अगदी कोरडी होते आणि काचेवरचं पाणी शोषून घेते. उलट आतली हवा फिरवत राहिलात, तर चार माणसांचा श्वास आणि ओल्या बुटांची वाफ तीच तीच काचेवर आपटत राहते.

तेव्हा रिसर्क्युलेशन बंद, तापमान पूर्ण गरमवर, वारा काचेकडे, ब्लोअर जोरात आणि एसी चालू. थंडीत एसी कशाला, असं वाटेल. एसीच्या थंड जाळीवर हवेतलं पाणी टपकून जातं आणि मग ती हवा हीटरवरून गरम होऊन काचेवर येते. बहुतेक गाड्यांत काचेचं बटण दाबलं की एसी आपोआप चालू होतो. मात्र बाहेर तापमान शून्याच्या आसपास गेलं की बऱ्याच गाड्या कॉम्प्रेसर मुद्दाम बंद ठेवतात, नाहीतर त्या जाळीवरच बर्फ धरेल. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत कॉम्प्रेसरचा ‘टक’ आवाज आला नाही म्हणून एसीचा गॅस संपला असं समजू नका. तिथे सगळी भिस्त बाहेरच्या हवेवर असते.

वारा

पुढच्या काचेच्या पायथ्याशी, डॅशबोर्डवर लांबट फट असते. तिच्यावर टिश्यूची पट्टी धरा आणि डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. पट्टी सगळीकडे नीट फडफडली तर वारा ठीक आहे, पुढच्या भागाकडे वळा.

कुठल्याच स्पीडला आवाज नाही? आधी फ्यूज, मग रिले, मग ब्लोअरच्या मोटरला वीज पोचते का ते. मोटर बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असते. ब्लोअर पूर्ण जोरावर ठेवून तिच्या डब्यावर मुठीने हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरायला लागली तर मोटरच्या आतले, तिला वीज पोचवणारे ब्रश झिजलेत, मोटर आज ना उद्या जाणार.

फक्त शेवटच्या स्पीडलाच वारा येतो आणि बाकीचे स्पीड मुके आहेत? मग ब्लोअर रेझिस्टर, म्हणजे मोटरची वीज अडवून तिचा वेग कमी करणारा भाग, जळालाय. शेवटच्या स्पीडला वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला जाते, म्हणून तो एकटा चालू राहतो. रेझिस्टर बदलणं सोपं आहे, दोन स्क्रू आणि एक कनेक्टर. पण काढलेल्या कनेक्टरकडे नीट बघा. प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालं असेल तर कनेक्टरही बदला, आणि मोटर किती अँपिअर ओढते ते मोजून घ्या. जड झालेली मोटर नवा रेझिस्टरही जाळते. ऑटोमॅटिक क्लायमेट असलेल्या गाडीत रेझिस्टरच्या जागी बहुधा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे ही खूण लागू पडत नाही.

आवाज भरपूर पण वारा मिणमिणता असेल, तर केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून बघा. वायपरखालच्या जाळीत पानं, कचरा किंवा बर्फ अडकलाय का तेही बघा. बाहेरची हवा तिथूनच आत येते.

वारा जोरात आहे, पण पायांकडे किंवा तोंडावरच येतो? मग दिशा बदलणारं झाकण हलत नाहीये. नॉब फिरवताना डॅशबोर्डमधून ‘टक-टक-टक’ असा घड्याळासारखा आवाज आला तर झाकण हलवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेत. काही जुन्या गाड्यांत हे झाकण इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतं. तिथे उलटा प्रकार दिसतो, नळी फाटली की वारा कायमचा काचेकडेच जातो. ती मुद्दाम केलेली सोय आहे, बिघाड झालाच तर निदान काच तरी साफ राहावी म्हणून.

ऊब

गाडीचा हीटर म्हणजे इंजिनची टाकाऊ उष्णता. इंजिनमधलं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये, येतं आणि ब्लोअर त्याच्यावरून हवा फेकतो. इंजिन गरम नसेल तर हीटर कुठून गरम होणार? म्हणून नजर आधी तापमानाच्या काट्यावर.

पंधरा-वीस मिनिटं चालवूनही काटा मधोमध येत नाही, किंवा गावात वर येतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की खाली पडतो, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. हा झडपेसारखा भाग साधारण ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तोवर कूलंटला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो उघडा राहिला की थंड वारा इंजिनला तापूच देत नाही. खात्री करायची असेल तर थंड इंजिन चालू करून मोठ्या रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावत राहा. तो बराच वेळ थंड राहून मग एकदम तापला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बदला. पंखा आणि पट्ट्यांपासून बाही दूर ठेवा.

काटा बरोबर, तरी वारा गार? मग इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. गरम इंजिनवर झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते अंगावर येतं.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. एका हिवाळ्यात माझ्या गाडीचा हीटर उभ्या गाडीत गार आणि चालत्या गाडीत गरम असा खेळ करायला लागला. एका गॅरेजने हीटर कोअर गेलाय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा, असं सांगितलं. मी गाडी घरी आणली आणि रेडिओ बंद करून बसलो. ॲक्सिलरेटर दाबला की डॅशबोर्डमागून पाणी गुळगुळल्याचा आवाज यायचा, घागर कलंडल्यासारखा. कूलंट साधारण लीटरभर कमी निघालं. एका पाईपच्या क्लिपाखाली पांढरट चुन्यासारखा डाग होता, तिथून थेंब थेंब गळत होतं. क्लिप बदलली, कूलंट भरलं, हवा काढली, हीटर ठणठणीत. हीटर कोअर इंजिनच्या वरच्या पातळीला असतो, म्हणून कूलंट कमी झालं की हवा आधी तिथेच जाऊन बसते. इंजिनचा वेग वाढला की पंप जोर करून पाणी वर ढकलतो, म्हणून तेवढ्यापुरतं गरम लागतं. उभ्या गाडीत गार, रेस दिल्यावर गरम, ही खूण लक्षात ठेवा.

हवा काढायची साधी रीत अशी. गाडीचं तोंड चढावर ठेवा, इंजिन थंड असतानाच झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर करा, इंजिन चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा आणि ते तापून उसळायच्या आत झाकण लावा. काही इंजिनांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, काहींना व्हॅक्यूमनेच भरावं लागतं. त्यासाठी मॅन्युअल उघडा. मिश्रण निम्मं-निम्मं ठेवलं तर इथिलिन ग्लायकॉलचं कूलंट साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी भरलेलं असेल तर ते गोठून इंजिनही फोडू शकतं. रंग बघून कूलंट निवडू नका, हिरवा, लाल, निळा या रंगांना ठरलेला असा अर्थ नाही. आणि सांडलेलं लगेच धुऊन टाका. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

कूलंट पुरेसं असेल तर पुढची परीक्षा हातानेच. इंजिन तापल्यावर, हीटर पूर्ण गरमवर असताना, बोनेटखाली, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन बारीक पाईप शोधा. जाडसर फडकं हाताशी ठेवून त्यांना हळूच स्पर्श करा.

दोन्ही चांगले गरम असतील तर उष्णता डॅशबोर्डपर्यंत पोचतेय, पण गरम-थंड हवा मिसळणारं झाकण थंडवर अडकलंय. पुन्हा तीच टक-टक करणारी मोटर, किंवा निसटलेली केबल.

एक गरम आणि दुसरा गार असेल तर हीटर कोअर तुंबलाय, किंवा पाईपावर झडप असेल तर ती बंद आहे. थोडासा फरक असतोच, पण एकाला हात लावता येत नाही आणि दुसरा पाण्याच्या नळासारखा, असा फरक नसावा. तुंबलेला कोअर पाईप सोडवून कमी दाबाच्या पाण्याने उलट्या दिशेने धुता येतो. जोराच्या पाण्याने नको, जुना कोअर फुटतो.

दोन्ही गार असतील तर हवा अडकलीय, झडप बंद आहे किंवा पंप पाणी फिरवत नाहीये.

डॅशबोर्ड उतरवायची वेळ या सगळ्यानंतर येते.

कोरडेपणा

वारा आहे, ऊब आहे, तरी काच पुन्हा पुन्हा धूसर होते. मग गाडीत पाणी आहे. मॅट उचला आणि खालचा गालिचा मुठीत दाबून बघा, वरून कोरडा असला तरी खालचा फोम पिळून निघतो. स्टेपनीच्या खड्ड्यातही हात घाला. दाराची फाटकी रबरं आणि एसीच्या पाण्याची तुंबलेली नळी हे नेहमीचे गुन्हेगार.

पण ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि हीटर चालू केल्यावर काचेवर पुसल्यावरही पसरणारा तेलकट थर येत असेल, तर हीटर कोअर गळतोय. इथे गॅरेजच गाठा, आणि तोवर ती हवा छातीत भरून घेत फिरू नका.

काचेची आतली बाजू स्वच्छ आहे का? धूळ, सिगारेटचा धूर, प्लॅस्टिकमधून सुटणारा थर, या सगळ्यावर वाफेला बसायला जागा मिळते. मायक्रोफायबरच्या फडक्याने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा कोरड्या फडक्याने. आणि डिकी सामानाने खच्चून भरली असेल तर ती थोडी मोकळी करा. आतली हवा बाहेर पडायच्या झडपा बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूला असतात. त्या दाबल्या गेल्या तर बाहेरची हवा आत येणार तरी कशी?

बॅटरीवरच्या गाडीत इंजिनची उष्णता नसते, तिथे विजेचा हीटर किंवा हीट पंप असतो. वारा आणि कोरडेपणा तुम्ही तपासू शकता, पण नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्या. ती उच्च दाबाची असते.

मागची काच

बटण दाबलं की १० ते २० अँपिअर वीज त्या बारीक तारांतून जाते आणि काही मिनिटांनी टायमर ती बंद करतो. दहा-पंधरा मिनिटांनी दिवा आपोआप विझला तर तो बिघाड नाही.

आधी गाडी बंद असताना काचेवर आतून श्वास सोडून वाफ धरू द्या आणि मग डिफॉगर, म्हणजे या तारा तापवणारं बटण, लावा. प्रत्येक आडव्या तारेभोवती स्वच्छ पट्टा उमटायला लागतो. सगळ्याच तारा मेलेल्या असतील तर फ्यूज, रिले किंवा वायर. एखाद-दुसराच पट्टा धूसर राहिला तर ती तार कुठेतरी तुटलीय. तारा एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात, म्हणून एक तुटली तरी बाकीच्या चालतात. बऱ्याच गाड्यांत आरसेही याच बटणावर तापतात. आरसा कोमट लागला आणि काच गार राहिली, तर बटणापर्यंत सगळं ठीक असण्याची शक्यता जास्त.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळं टोक गाडीच्या उघड्या धातूला लावा. लाल टोकावर ॲल्युमिनियम फॉइलची छोटी गोळी गुंडाळा, म्हणजे तार खरवडली जाणार नाही. इंजिन आणि डिफॉगर चालू करून आधी काचेच्या दोन्ही कडांच्या उभ्या जाड पट्ट्या तपासा. एकीकडे १२ ते १४ व्होल्ट आणि दुसरीकडे जवळजवळ शून्य हवेत. दोन्हीकडे शून्य असेल तर वीज येत नाहीये. दोन्हीकडे १२ असेल तर अर्थिंग तुटलंय. डिकीचं दार वर उचललं जाणारी गाडी असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत बघा. दार हजारदा उघडून-मिटून तिथल्या वायरी आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पट्ट्या ठीक असतील तर धूसर राहिलेल्या तारेवरून टोक सरकवत न्या. चांगल्या तारेच्या मध्यावर साधारण ६ व्होल्ट मिळतात आणि आकडा हळूहळू उतरतो. तुटलेल्या तारेवर तो १२ वर ठाम राहतो आणि एका बिंदूला धपकन शून्य होतो. तिथेच तुटलंय. काचेवर उमटणाऱ्या पेन्सिलीने बाहेरून खूण करा.

मी स्वतः एक तार कापलीय. जुना स्टिकर ब्लेडने खरवडत होतो, ‘खर्र’ असा वेगळा आवाज आला आणि तपकिरी रेघेत मिलिमीटरभर पारदर्शक फट दिसली. ती बुजवायला चांदीमिश्रित वाहक रंग मिळतो. डिफॉगर बंद करा, जागा अल्कोहोलने पुसा, तारेच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावा, म्हणजे मधे तारेएवढीच रुंदी उघडी राहील. डबी चांगली हलवून फटीच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर पुढे जाईल असे दोन-तीन पातळ हात द्या. रंग अर्धवट ओला असतानाच पट्ट्या काढा, वाळल्यावर ओढल्या तर रंगही सोबत निघतो. डबीवर सांगितलाय तेवढा वेळ, शक्यतो २४ तास, बटणाला हात लावू नका.

काचेच्या कडेची वायरची चपटी टिकली निघाली असेल तर हा रंग पुरत नाही, तिच्यासाठी वीज वाहून नेणारा इपॉक्सी लागतो. साध्या सुपरग्लूने टिकली चिकटते खरी, पण वीज जात नाही. चिकटवून झाल्यावर पुन्हा श्वास सोडून पट्टा उमटतो का बघा, आणि पुढच्या वेळी काच पुसताना फडकं तारांच्या दिशेनेच, आडवं फिरवा.